रबरी दांडी आणि इतर अभिप्राय

जानेवारीचा शेवटचा आठवडा आला की धायरीहून सुटणाऱ्या सकाळच्या बसमध्ये पोरांच्या हातात कार्डशीटची भेंडोळी दिसायला लागतात. स्वेटरच्या बाह्यांना डिंक लागलेला असतो. खिडक्या कितीही ओढल्या तरी बोटभर फट राहतेच, तिच्यातून सिंहगड रस्त्यावरची थंडी आत येते आणि नेमकी कानात शिरते. परतीच्या वेळी थांब्याशी ओल्या हरभऱ्याच्या जुड्या घेऊन बायका बसलेल्या असतात, आणि मुलं सोलाणे सोलत सोलत एकमेकांना विचारत असतात, "तुझा प्रोजेक्ट झाला?" पुण्यात थंडी, वसंत वगैरे ऋतू येत असतील, जात असतील. शाळेत नोकरी करणाऱ्याला हा एकच ऋतू कळतो. प्रकल्प जमा करायचा.

यंदाही तो आला. परवा बसमध्ये पुढच्या सीटवरची एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती, "सर काही वाचत नाहीत गं, नुसती सही करतात." ती आमच्या शाळेची नव्हती. तरीही मी मफलर जरा वर ओढून घेतला.

मी नारायण पेठेतल्या एका शाळेत संगणक शिकवतो. खरं तर मी चित्रकलेचा. फळं, भांडी, स्मरणचित्र, अक्षरलेखन यांत माझं आयुष्य सुखानं चाललं होतं. पण एका दुपारी ऑफिसातल्या प्रिंटरमध्ये कागद अडकला, आणि मी तो न फाडता बाहेर काढला. आमच्या मुख्याध्यापिका पटवर्धन बाई तिथंच उभ्या होत्या. पुढच्या जूनमध्ये वेळापत्रक लागलं, त्यात माझ्या नावापुढे ‘संगणक, आठवी ते दहावी’ असं लिहिलेलं. "बाई, मला यातलं फारसं येत नाही," असं मी म्हणालो. "अहो जगताप सर, येतं कुणाला? पण तुम्हाला कागद तरी काढता येतो," असं त्या म्हणाल्या.

मी शिकलो. रोज मुलांच्या एक पान पुढे राहायचं, एवढंच धोरण होतं. अडचण एवढीच, की काही मुलं दोन पानं पुढची निघतात.

प्राची वानखडे त्यांतली. नववीत होती. त्याच्या दोन वर्षं आधी तिचं कुटुंब यवतमाळकडून पुण्यात आलेलं. वडील नऱ्ह्याच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर, आई तिथल्याच विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये पोळ्या करायची. राहायला धायरीत, म्हणजे माझ्याच बसला. वर्गात पस्तीस मिनिटांनी घंटा होते आणि शिक्षकाची सुटका होते. बसमध्ये तशी घंटा नसते. राजाराम पूल येईस्तोवर ती मला तीन प्रश्न विचारून मोकळी व्हायची, आणि प्रत्येकाची सुरुवात ‘काहून’नं, म्हणजे ‘का’नं, असायची.

तर वर्गातल्या अशाच एका तासाला, घंटा व्हायला मिनिटभर असताना तिनं विचारलं, "सर, प्रिंटरचा ड्रायव्हर म्हणजे काय?" ते मला माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायचीही मला सवय नव्हती. डोळ्यांपुढे आला तो अडकलेला कागद. मी म्हणालो, "प्रिंटरच्या आत एक रबरी दांडी फिरते बघ, काळी. ती कागदाला पुढे नेते. गाडी नेणारा ड्रायव्हर, तसा कागद नेणारा ड्रायव्हर." घंटा झाली. वर्ग खूश. मीही खूश. उत्तर इतकं सुबक झालं होतं की बसमध्ये बसेपर्यंत माझाही त्याच्यावर विश्वास बसला.

त्या वर्षी पटवर्धन बाईंनी शाळेची वेबसाइट काढायची ठरवली. नववीतल्या प्रत्येकानं संगणकाशी संबंधित एका विषयावर एक वेब पान करायचं. पानाखाली अभिप्रायाची चौकट. पानं तयार झाली की त्यांची लिंक माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. "मुलांना कौतुकाची थाप मिळेल," असं बाई म्हणाल्या. बाई मूळच्या कोल्हापूरच्या. पुण्यात तीस वर्षं काढूनही त्यांचा माणसांवर विश्वास होता.

प्राचीच्या वाट्याला ‘सॉफ्टवेअर’ हा विषय आला. पानं तयार झाली, बेचाळीस. प्रत्येकाखाली पहिला अभिप्राय शिक्षकांचा असावा, असा आदेश निघाला. मी मधल्या सुट्टीत बसलो, एक अभिप्राय लिहिला, आणि तोच उचलून बेचाळीस ठिकाणी चिकटवला. ‘छान. अक्षर सुधारा.’

दुसऱ्या दिवशी बसमध्ये प्राची शेजारी येऊन उभी राहिली.

"सर, अक्षर कसं सुधारू?"

"कसं म्हणजे? सराव कर. रोज एक पान शुद्धलेखन."

"पण सर, ते टाईप केलंय. फॉन्ट बदलू काय?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो. विठ्ठलवाडीची कमान गेली.

"सर, तुम्ही वाचलं काय ते?"

"वाचलं म्हणजे काय, वाचल्याशिवाय का छान म्हणेन?"

एवढं तिला पुरलं. चेहरा उजळला तिचा. खोटं बोलून कुणाला आनंद झाला की आपल्याला ते खोटं वाटत नाही. निदान दांडेकर पुलाच्या थांब्यापर्यंत तरी नाही.

मग लिंक ग्रुपवर गेली, आणि कौतुकाची थाप यायला लागली.

‘पान उघडेपर्यंत चहा झाला. चहा बरा होता.’

‘पिवळ्यावर पांढरी अक्षरे. वाचकांवर काही राग आहे का?’

‘येथे क्लिक करा असे लिहिले होते. केले. काही झाले नाही. आता काय करावे ते कळवावे.’

‘सॉफ्टवेअर हा शब्द चार प्रकारे लिहिला आहे. एक निवडावा.’

‘वर कोपऱ्यातली पृथ्वी उलटी फिरते. आमच्या वेळी असे नव्हते.’

‘विद्यार्थिनीचे अभिनंदन. यापुढे काळजी घ्यावी.’

पटवर्धन बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर प्रिंटआउटचा गठ्ठा. "अहो सर, मी सगळं वाचलं. यात ‘छान’ फक्त तुमचं आहे." मी नम्रपणे मान खाली घातली. वर्गात रडारड झाली. दोघातिघांनी आपली पानं उतरवूनच टाकली. एकीच्या वडिलांनी ‘काळजी घ्यावी म्हणजे काय’ असं शाळेला लेखी विचारलं.

प्राची मात्र हरखून गेली होती. कुठल्या कुठल्या पेठांतली, न पाहिलेली माणसं आपलं पान शेवटपर्यंत वाचताहेत, याचाच तिला केवढा आनंद! ती एकेकाला उत्तर द्यायची. ‘पांढऱ्याचं काळं केलं आहे. तुमच्यावर राग नाही.’ ‘फोटोचा आकार कमी केला. आता चहा होणार नाही.’ ‘पृथ्वी दुरुस्त केली आहे. आता बरोबर फिरते. कळावे.’ हे ‘कळावे’ तिनं त्यांच्याकडूनच उचललं होतं. तिचं पान दिवसेंदिवस सुधारत होतं, आणि ते सुधारणारे लोक शहरातले सगळ्यात तुसडे लोक होते. मला याची गंमत वाटायची. दुसऱ्याच्या पानाची गंमत वाटणं सोपं असतं.

मग एका सकाळी प्राचीच्या पानाखाली हे आलं.

‘प्रिंटरचा ड्रायव्हर म्हणजे रबरी दांडी नव्हे. ड्रायव्हर हा एक प्रोग्राम असतो. संगणकाचे म्हणणे प्रिंटरला समजेल अशा भाषेत तो सांगतो. म्हणजे तेही सॉफ्टवेअरच. हे दांडीचे कोणी शिकवले? परचुरे, शनिवार पेठ.’

खाली प्राचीचं उत्तर. ‘आमच्या जगताप सरांनी. ते चुकीचं शिकवत नाहीत. तुम्ही एकदा तपासून पाहा. कळावे.’

‘तपासले. बँकेच्या संगणक विभागात पस्तीस वर्षे तेच करत होतो.’

‘मग आमच्या सरांना भेटा. ते समजावून सांगतील.’

‘येईन.’

मी पुस्तक काढलं. इंटरनेटवर पाहिलं. दोन्हीकडे परचुऱ्यांचंच बरोबर होतं. मला दरदरून घाम फुटला, आणि दिवस थंडीचे होते. चूक झाली याचं वाईट वाटलं, असं लिहायला मला आवडलं असतं. वाईट वाटलं ते सगळ्या गावासमोर झाली याचं. वेबसाइटचा पासवर्ड माझ्याकडेच होता. मधल्या सुट्टीत मी परचुऱ्यांचे तिन्ही अभिप्राय निवडले. ‘नक्की काढून टाकायचे का?’ असं संगणकानं विचारलं. त्या यंत्राला जेवढी शंका आली, तेवढीही मला आली नाही. मागोमाग प्राचीची उत्तरंही काढली, आणि पानावरचं दांडीचं वाक्यही गुपचूप पुसून टाकलं.

प्राचीनं दुपारीच विचारलं. "सर, परचुरे काका गायब झाले."

"सर्व्हरमध्ये काहीतरी बिघाड झालाय," मी म्हणालो. हेही सुबक उत्तर होतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास संगणक कक्षाच्या दारात एक गृहस्थ उभे राहिले. सत्तरी ओलांडलेली, अंगात हातानं विणलेला करडा स्वेटर, खांद्याला कापडी पिशवी. चपला दारात काढल्या, त्या पायानं सरळ केल्या आणि आत आले.

"मी परचुरे. शनिवार पेठ. माझे तीन अभिप्राय होते, ते आज नाहीत."

नववीचाच तास चालू होता. प्राची आपल्या जागेवरून उठून पुढे आली. "काका, मी प्राची. ते पान माझंच आहे. सर म्हणाले, सर्व्हरमध्ये प्रॉब्लेम आला."

परचुऱ्यांनी पिशवीतून चार कागद काढले. पान छापलेलं, त्यावर दांडी आणि खाली तिन्ही अभिप्राय, उत्तरांसकट. "छापून ठेवायची सवय आहे मला," ते म्हणाले. मग त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण पुरेसं. पस्तीस वर्षं ज्यानं कुठं काय बिघडलंय तेच शोधलं, त्या माणसाला अजून काय सांगायचं असतं?

मला वाटलं, आता संपलं. पण त्यांनी कागदांची घडी केली आणि म्हणाले, "असेल. बिघडतात सर्व्हर. वयाप्रमाणे."

त्यांनी मला सोडलं होतं. बेचाळीस मुलांसमोर, चक्क मोकळं सोडलं होतं. मी फक्त ‘हो ना’ म्हणायचं होतं. तेवढ्यात प्राची वळली आणि अभिमानानं त्यांना म्हणाली, "बघा काका, मी म्हटलं होतं ना? आमचे सर खोटं सांगत नाहीत."

ते मात्र मला झेपलं नाही.

"प्राची," मी म्हणालो, "सर्व्हर ठीक आहे. अभिप्राय मी काढले."

"काहून?"

"कारण ते बरोबर होते."

वर्गात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. थंडीत पंखा कुणी लावला होता देव जाणे.

"मग ती दांडी?"

"दांडी आहे. प्रिंटरमध्ये खरंच आहे. पण ती ड्रायव्हर नाही. मला माहीत नव्हतं, म्हणून तेव्हा सुचलं ते सांगितलं."

मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच विचारलं, "सर, मॉनिटर म्हणजे काय सांगितलं होतं, ते तरी बरोबर आहे ना?" वर्गात हशा फुटला. हसता हसता माझं वर्षभराचं शिकवणं त्या आठवड्यात मुलांनी तपासायला घेतलं. आणखी चार ठिकाणी गडबड निघाली. पैकी एक मी इतक्या ठामपणे सांगितली होती की परचुऱ्यांनाही क्षणभर आपलंच चुकलं असं वाटलं, असं ते नंतर म्हणाले.

सगळे हसले, पण प्राची हसली नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये ती पुढच्या दारानं चढली आणि ड्रायव्हरच्या मागे, माझ्याकडे पाठ करून बसली. त्याच्या पुढच्या दिवशीही. बसमध्ये मला कुणी काही विचारत नव्हतं. आनंदनगर, हिंगणे, विठ्ठलवाडी, सगळे थांबे इतके लांब लांब असतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तिला माझ्या चुकीचा राग नव्हता. ती अनोळखी माणसाशी माझ्यासाठी भांडली होती, आणि ती भांडत असताना मी मागच्या मागे पुरावा पुसत होतो.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी संगणक कक्षात बसलो, आणि तिचं पान पहिल्यांदा वाचलं. चित्रकलेच्या माणसाची खोड असते, तो कागदाकडे लांबून बघतो: समास सोडलाय का, रंग बाहेर गेलाय का. बावीस वर्षं मी मुलांचं सगळं पाहत आलो होतो. वाचलं होतं फार थोडं.

तिनं लिहिलं होतं: ‘सॉफ्टवेअर हाताला लागत नाही. माझी आई मेसच्या पोळ्या करते. तवा दिसतो, पोळपाट दिसतो, लाटणं दिसतं. पण पाणी किती घालायचं, तवा किती तापू द्यायचा, पोळी कधी उलटायची हे कुठेच लिहिलेलं नाही. ते आईजवळ आहे. ती आजारी पडली तेव्हा तवा होता, लाटणं होतं, कणीक होती. पोळी नव्हती.’

त्याच्या खाली पोळीचा प्रोग्राम होता. एक, कणीक घ्या. दोन, पाणी घालून मळा. तीन, गोळा करा. चार, लाटा. असं करत करत नववी पायरी, ‘वाढा’.

मी ते तीनदा वाचलं. पुस्तकात सॉफ्टवेअरची व्याख्या मीच चार वर्षं शिकवत होतो. ती मला त्या दिवशी कळली. मग मी कोरा कागद घेतला, बोरू नव्हता म्हणून पेननंच, पण जीव लावून दोन पानं लिहिली. काय आवडलं, कुठं अडखळलो, कुठली दोन वाक्यं एकमेकांशी भांडतात, कुठं आणखी सांगायला हवं होतं. शेवटी माझ्या चुकीबद्दल चार ओळी. सकाळी बसमध्ये पुढे जाऊन तो कागद तिच्या हातात दिला आणि परत मागे येऊन बसलो. मागून तिची वेणी तेवढी दिसत होती. ती कागदावर वाकली, बराच वेळ वाकलेलीच राहिली. दांडेकर पुलाला उतरताना माझ्यासाठी थांबली.

"सर, अक्षर मस्त आहे तुमचं," ती म्हणाली. "पण दुसऱ्या पानावरचा तिसरा मुद्दा मला नाही पटला. काहून सांगू काय?"

चालता चालता, शाळेचं फाटक येईस्तोवर, तिनं तो सांगितला. मी हरलो. इतकं बरं हरायला मला क्वचितच वाटलं असेल.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी पालकांसाठी प्रदर्शन होतं. काढलेले अभिप्राय परत पानावर चढवले होते. दांडीचं वाक्यही प्राचीनं परत घातलं, त्यावर आडवी रेघ मारून खाली दुरुस्ती दिली. तिनं परचुऱ्यांनाही बोलावलं होतं. ते वेळेच्या दहा मिनिटं आधी आले आणि वेळ होईपर्यंत बाहेर उभे राहिले. प्राचीची आई मेसचं सकाळचं काम आटोपून आली. पदर खोचलेला, मनगटाला पिठाचा पुसट पट्टा राहिलेला. लेकीनं तिला संगणकासमोर खुर्चीवर बसवलं. पडद्याला हात लावायची भीती वाटत होती, म्हणून बोट दोन इंच लांब धरून ती ओळीवरून फिरवत होती आणि ओठांत वाचत होती. आजारपणाच्या ओळीवर बोट जरासं थांबलं. मग पुढे गेलं, आणि प्रोग्रामवर येऊन परत थांबलं.

"पोट्टे," ती म्हणाली, "हे चुकलं तुयं."

मी, प्राची, परचुरे, तिघंही पुढे वाकलो. इतक्या जणांनी तपासलेलं ते पान.

"मयलं का लगेच लाटते काय कोणी? भिजू कुठं देल्लं तू? अशी पोयी करशील तं वातड होईन."

प्राचीनं जीभ चावली. परचुऱ्यांनी पिशवीतून वही काढली. मला वाटलं, चूक नोंदवून घेताहेत. त्यांनी घसा साफ केला.

"किती वेळ भिजू द्यायची?"

"अर्धा घंटा, काकाजी. ओलं फडकं झाकून."

"झाकून," ते लिहिता लिहिता म्हणाले. "आणि तेल?"

"मयून झाल्यावर. घंगाळभर नोका टाकू. बोटभर."

त्यांनी तेही लिहिलं. वही मिटली, पुन्हा उघडली. "नाही, म्हणजे... मी दोन वर्षं करतोय. मंडळी गेल्यापासून. माझ्या रोज वातड होतात. मला वाटायचं, तवा खराब आहे."

आम्ही पुण्यातली माणसं पडद्याकडे बघू लागलो. प्राचीची आई मात्र खुर्ची त्यांच्याकडे वळवून बसली. तवा कसा आहे, कणीक कुठून दळून आणता, पाणी कोमट घेता का गार, एकेक विचारत गेली, आणि हा चार ओळींच्या वर कधी न लिहिणारा माणूस शाळेतल्या मुलासारखा एकेक उत्तर देत गेला. पटवर्धन बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी मला खुणेनंच विचारलं, काय चाललंय? मी खुणेनंच सांगितलं, अभिप्राय.

सोमवारी पहिल्या तासाला प्राचीनं पान उघडलं. पायऱ्या आता दहा झाल्या होत्या. खाली नवा मजकूर आलेला होता.

‘पायरी क्र. ३ प्रमाणे अर्धा तास थांबलो. पोळी मउ झाली. आईंना सांगावे. परचुरे, शनिवार पेठ.’

प्राचीनं ते दोनदा वाचलं आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "सर, मऊमधला ऊ दीर्घ पाहिजे ना? कळवू काय त्यांना?"

"नको," मी म्हणालो. "असू दे."

तिनं क्षणभर विचार केला. "हाव, असू दे," ती म्हणाली, आणि जागेवर जाऊन बसली.